वारस लावायला मुखत्यारपत्र लागत नाही

आधी मुद्द्याचं सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. वडील वारले, शेत त्यांच्या नावावर आहे आणि मुलगी दुबईत आहे की डॅलसला, सातबारावर वारस म्हणून तिचं नाव लावायला तिच्या मुखत्यारपत्राची गरज नसते. मृत्यूचा दाखला लागतो, वारसांची नावं सांगणारा अर्ज लागतो आणि प्रतिज्ञापत्र लागतं. वारसांपैकी एकानं अर्ज केला तरी पुरतं. आता तर ई-हक्क प्रणालीतून तो घरबसल्या करता येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं (१९६६) कलम १४९ म्हणतं की हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवा. परदेशातल्या बहिणीकडून सगळे अधिकार लिहून घ्या असं त्यात कुठंही नाही.

मला मात्र असं सांगितलं गेलं: "बाई, तुयं नाव लावाचं त सही पाह्यजे तुयी. तू तिकडं. मंग मुखत्यारपत्र पाठवून दे, बाकी मी पाह्यतो." सांगणारा माझा सख्खा मोठा भाऊ. नाव लिहीत नाही, दावा चालू आहे. आणि नांदुऱ्यात ज्यांना कळायचं त्यांना नाव न लिहिताही कळलंच आहे.

वावर हायवेच्या बाजूचं. हनुमानाच्या १०५ फुटी मूर्तीपाशी गाडी थांबवून फोटो काढणाऱ्यांची नजर त्या अंगाला जातही नाही, इतकं साधं काळं रान. आम्ही लहान असताना तिथं कपाशी आणि तूर, पुढं सोयाबीन. मग ६ नंबरच्या हायवेचा ५३ नंबर झाला, चौपदरीकरण सुरू झालं, आणि या पट्ट्यातले लोक वावराचा भाव एकरात सांगायचं सोडून चौरस फुटात सांगू लागले. आमच्या घरातले कागद तेव्हापासून हलायला लागले, हे मला आज दिसतं.

जमीन वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली. वारस तिघं: आई, भाऊ आणि मी. अशा मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे हिंदू उत्तराधिकार अधिनियमानं १९५६ सालीच ठरवलं. २००५ ची दुरुस्ती आणि विनीता शर्मा प्रकरणातला २०२० चा निकाल एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीबद्दल आहे. आमच्या वावराला त्याचीही गरज नव्हती. एवढं खुलाशानं लिहिते कारण भावाकडून बोलणारे अजून "लग्नात दिलं की" हेच पालुपद लावून बसलेत. लग्नात काय दिलं त्याची यादी माझ्याकडं आहे, हवी त्याला दाखवीन. वारसाहक्काशी तिचा काही संबंध नाही.

तर मुखत्यारपत्र. मसुदा भावानं व्हॉट्सॲपवर पाठवला, तिकडच्या एका अर्जनवीसाकडून टाइप करून घेतलेला. ज्याला त्याला माझ्याकडून हेच ऐकायचं असतं, की मी न वाचता सही केली. वाचला होता. तिसऱ्या पानावर खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, अदलाबदल, गहाणखत अशी रांगच होती आणि शेवटी "व मुखत्यार यांस योग्य वाटतील ते सर्व दस्त". मी लगेच लिहून विचारलं, वारस लावायला हक्कसोड कशाला? उत्तर आलं: "नमुनाच तसा रायते वं बाई. तो सगळ्याइचंच असं लिह्यते. खाडाखोड केली त साहेब वापस करते." तो संदेश तारीख-वेळेसकट आता दाव्याच्या कागदांना लागला आहे. ज्या बहिणी भावाशी फक्त फोनवर बोलतात त्यांना माझं एवढंच सांगणं, की शंका लिहून विचारा आणि उत्तर लिहूनच घ्या. फोनवरचं बोलणं नंतर कोणालाच आठवत नाही.

दुबईच्या आपल्या वाणिज्य दूतावासात दोन साक्षीदार, पासपोर्टच्या प्रती, अधिकाऱ्यासमोर सही, शिक्का, सगळं रीतसर झालं. नोंदणी अधिनियमाचं (१९०८) कलम ३३ भारताबाहेर राहणाऱ्यांसाठी हीच वाट सांगतं: नोटरी, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारताचा वाणिज्य दूत यांच्यासमोर केलेलं आणि त्यांनी साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याला महाराष्ट्राचा मुद्रांक लावावा लागतो. भावानं तो वेळेत लावला. ह्या माणसानं वडिलांच्या आजारपणाची बिलं कधी वेळेत भरली नव्हती. सख्ख्या भावाला मोबदल्याशिवाय विक्रीचे अधिकार दिले तर आपल्याकडं मुद्रांक अगदी किरकोळ असतो. परक्याला दिले तर खरेदीखताइतका लागतो. सवलत घरच्यांवरच्या विश्वासापोटी दिलेली आहे आणि माझ्या अनुभवात तिचा फायदा घरच्यांनीच उचलला.

कळलं ते योगायोगानं. माझ्या नवऱ्याच्या कंपनीत मलकापूरचा एक जण आहे. त्याच्या घरी जेवायला गेलो असताना तो स्वतःच्या शेताचा सातबारा मोबाइलवर दाखवत होता, हौसेनं, मुलांचे फोटो दाखवावेत तसा. मीही माझा काढला. महाभूलेखवर अमरावती विभाग, जिल्हा बुलढाणा, तालुका नांदुरा, मग गाव, मग गट नंबर. गट नंबर मला तोंडपाठ होता, वडील तो घरच्या कुलपांच्या किल्ल्यांना बांधलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर खिळ्यानं कोरून ठेवत. पान उघडलं. भोगवटादाराच्या रकान्यात भावाचं नाव स्वच्छ. खाली आईचं नाव आणि माझं, दोन्ही नावांवरून आडवी रेघ गेलेली, पुढं फेरफार क्रमांक.

रेघेपेक्षा मला रेघेखालचं नाव जास्त लागलं. माझं नाव सातबारावर खरंच चढवलं होतं! माणसानं शब्द पाळला होता. नाव आधी लावलं असेल तरच ते सोडून देता येतं, म्हणून लावलं होतं. वारस फेरफार मंजूर झाला आणि त्याच्या पाठोपाठ हक्कसोडाचा. मी दुबईत बसून आईला फोनवर सांगत होते, बघ, माझं नाव लागलं वडिलांच्या वावरावर.

नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये गाव आणि गट नंबर टाकून सूची क्रमांक दोन निघाली. पण दस्तात काय आहे ते दस्त पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून एका वर्गमैत्रिणीला सांगून सही-शिक्क्याची नक्कल काढवली. तिनं पानापानाचे फोटो पाठवले. आपल्याकडं दस्त नोंदवताना संगणकासमोर बसवून फोटो काढतात आणि अंगठा घेतात, ते सगळं दस्ताच्या शेवटच्या पानांवर छापून येतं. तिथं "लिहून देणार" या शब्दांपुढं माझं नाव, "तर्फे मुखत्यार" म्हणून भावाचं नाव आणि त्याचा फोटो. खाली "लिहून घेणार". पुन्हा भावाचं नाव आणि पुन्हा त्याचाच फोटो. शर्ट तोच, मेंदी रंगाच्या चौकड्यांचा, मागच्या दिवाळीत मीच पाठवलेला. एकाच खुर्चीवर बसून एकाच माणसानं आधी माझ्या वतीनं जमीन सोडली आणि मान जरा तिरकी करून स्वतःसाठी ती घेतली. अंगठ्याचे ठसे शेजारी शेजारी, दोन्ही एकाच अंगठ्याचे. दस्ताला जोडलेलं एक घोषणापत्र होतं, ते मुखत्याराला नेहमीच द्यावं लागतं: मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही, ते देणारी व्यक्ती हयात आहे, वगैरे. मी हयात असल्याचं माझ्या भावानं लिहून दिलं, तेवढं मात्र खरं आहे.

हक्कसोड करताना मोबदला काही नाही. "प्रेमापोटी व स्वखुशीने" असं छापलेलं. माझी खुशी कोणी विचारली, ते मी त्याला विचारलं.

तो फोन मी विसरायचा म्हटलं तरी विसरणार नाही. मी ओरडले नाही. दस्त क्रमांक सांगितला आणि थांबले. पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला. मग म्हणाला, "तुले काय कमी हाय तिकडं?" त्याचं पहिलं वाक्य हे. इन्कार नाही, गैरसमज झाला नाही, चूक झाली नाही. मग म्हणे, तू कधी येऊन पाहिलं का वावर, कुंपण मी घातलं, मोटर मी बसवली, माय माझ्याकडं आहे. कुंपण आणि मोटर वडिलांच्या पैशातून झाली. माय त्याच्याकडं आहे हे खरं, आणि त्याचं मोल त्यानं परस्पर ठरवून वसूल केलं. शेवटी आवाज मऊ करून म्हणाला, "म्या तुयं भलंच पाह्यलं. उद्या तुये पोरं न माये पोरं भांडतीन, त्याच्यापेक्षा आताच मिटलं." म्हणजे भांडण होऊ नये म्हणून भांडणाचं कारणच त्यानं स्वतःच्या खिशात घातलं.

आईची सही वेगळ्या हक्कसोडावर होती, त्याच दिवशीची. तिला काय सांगितलं होतं? "पेन्शनच्या कामाचं." ती माझ्याशी या विषयावर बोलत नाही. एकदाच म्हणाली, दोन घास त्याच्या घरचे खाते, मी काय बोलू. तिच्यावर माझा राग नाही. तिला त्या खुर्चीवर नेऊन बसवणाऱ्यावर आहे.

गावातल्या शहाण्यांनी मग मला पोलिसांत जायला सांगितलं. विश्वासघाताचा गुन्हा नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ खाली येतो आणि फसवणुकीचा ३१८ खाली; तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी, हे बरोबरच आहे. पण मुखत्यारपत्रावर तुमची खरी सही असते तेव्हा "हे दिवाणी आहे" हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा. जमीन परत मिळायची तर दिवाणी दाव्यानंच.

खामगावच्या ज्या वकीलबाईंकडं मी गेले त्यांनी पहिल्याच बैठकीत करार अधिनियम (१८७२) उघडला. कलम २१५: मालकाची संमती न घेता मुखत्यारानं त्याच कामात स्वतःशी व्यवहार केला, आणि महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे लपवली असेल किंवा व्यवहार मालकाच्या तोट्याचा असेल, तर मालकाला तो झुगारता येतो. माझ्या बाबतीत दोन्ही होतं. कलम २१३ प्रमाणे मालकानं मागितला की मुखत्यारानं हिशेब द्यायचाच असतो. मी मागितला. वावर मक्त्यानं दिलेलं होतं, मक्ता कोणाच्या खिशात गेला ते विचारलं. उत्तर आलेलं नाही, पण न आलेलं उत्तरही कोर्टात उपयोगी पडतं.

दस्त रद्द करून मागायला, वस्तुस्थिती कळल्यापासून, तीन वर्षांची मुदत असते. ज्यांना आज कळलंय त्यांनी नातेवाइकांच्या बैठकांत ही मुदत घालवू नये. बैठका घालणाऱ्यांना मुदत चांगली माहीत असते. आमच्याकडंही शेगावला दर्शनाला जाऊ, तिथं महाराजांसमोर बसून मिटवू, असा निरोप आला होता. मी म्हटलं, महाराजांसमोर बसायला माझी हरकत नाही, पण आधी दावा दाखल होऊ दे.

फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडं अपील वेगळं करावं लागतं, साठ दिवसांत, आणि उशीर झाला असेल तर तो माफ करण्याचा अर्ज जोडून. फेरफारानं मालकी येत नाही आणि जात नाही, ती नोंद महसुलापुरती, हे वकीलबाईंनी समजावलं. तरी अपील करायचंच, कारण गिऱ्हाईक सातबारा पाहून येतं. या प्रकरणातच मला आणखी एक कागद दिसला. फेरफार मंजूर होण्याआधी हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस जाते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. माझ्या नावची नोटीस निघाली होती. ती स्वीकारली होती माझ्या मुखत्यारानं. म्हणजे जमीन घेणारा तो, सोडणारा तो, आणि तुमची काही हरकत आहे का असं विचारल्यावर गप्प बसणाराही तोच.

म्हणून आता जे सांगते ते कोणाही वकिलाच्या छापील नमुन्यात मला आढळलं नाही. मुखत्यारपत्रात एक ओळ हवीच: मुखत्यारानं स्वतःच्या, पत्नीच्या, मुलांच्या किंवा त्यांच्या भागीदारीच्या नावे माझ्या मिळकतीचा कोणताही दस्त करू नये, केल्यास तो माझ्यावर बंधनकारक नाही. आणि दुसरी ओळ: ज्या कामात मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध आहे त्यातली नोटीस त्यानं माझ्या वतीनं घेऊ नये, ती माझ्या परदेशातल्या पत्त्यावर आणि ईमेलवर पाठवावी. या दोन ओळी मसुद्यात घातल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते पाहा. निम्मं काम तिथंच होतं.

जे काम आहे तेवढाच अधिकार लिहा. गट नंबर, क्षेत्र, काम आणि संपण्याची तारीख. मोजणी करून घ्यायची असेल तर मोजणी लिहा. खटल्यात वकील लावायचा असेल तर तेवढं. "इत्यादी" हा शब्द दिसला की त्यावर काट मारा आणि शेजारी सही करा. खाडाखोडीनं कागद परत येत नाही, सही केलेली खाडाखोड चालते. विक्रीचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला नसेल तर तो गृहीत धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये उमादेवी नंबियार प्रकरणात सांगितलं. ते केरळचं प्रकरण, आणि तिथंही मुखत्यारपत्र बहिणीनं बहिणीलाच दिलेलं होतं. तिच्या कागदात विक्रीचे शब्द नव्हते म्हणून ती वाचली. माझ्यात होते. तिसऱ्या पानावर, ओळीनं.

मुखत्यार नातलग असला तर चालेल, पण त्या मिळकतीतला दुसरा वारस नको. यावर लोक मला म्हणतात, मग द्यायचं कोणाला? मामेभावाला द्या, मैत्रिणीला द्या, शाळेतल्या निवृत्त सरांना द्या. ज्याला तुमच्या नावावर रेघ पडल्यानं एक गुंठाही मिळणार नाही असा कोणीही.

जमीन विकायचीच असेल तर दस्ताच्या दिवशी स्वतः जावं हे माझं मत. विमानाचं तिकीट महाग वाटतं, पण वकिलांची फी त्याहून महाग असते. जाणं जमतच नसेल तर मुखत्याराला सही करण्याचा अधिकार द्या, पैसे घेण्याचा देऊ नका. रक्कम थेट तुमच्या एनआरओ खात्यात यावी आणि त्या खात्याचा क्रमांक मुखत्यारपत्रातच असावा. अनिवासी माणसाची मिळकत घेणाऱ्याला टीडीएस निराळ्या दरानं कापावा लागतो, तो नेहमीचा एक टक्का नव्हे. हे आपल्याकडच्या बऱ्याच खरेदीदारांना ठाऊक नसतं, सीएला विचारून आधीच ठरवा. जिगाव प्रकल्पात किंवा हायवेत ज्यांची वावरं गेली आहेत किंवा जाणार आहेत, त्यांच्यासाठी हे तर दुप्पट खरं. मोबदला कोणत्या खात्यात जाणार तो कागद स्वतः वाचा.

रद्द करण्याबद्दल. मुखत्यारपत्र रद्द केलं असं भावाला फोनवर सांगितलं की संपलं, असं मानणारे पुष्कळ आहेत. करार अधिनियमाचं कलम २०८ नीट पाहा: मुखत्याराला कळेल तेव्हा त्याच्यापुरतं ते संपतं आणि बाहेरच्या माणसाला कळेल तेव्हा त्या माणसापुरतं. मधल्या वेळात एखाद्यानं प्रामाणिकपणे व्यवहार केला तर तुम्ही अडकता. मी रद्दपत्र दूतावासातून करून घेतलं, भावाला स्पीड पोस्टनं पोचपावतीसह पाठवलं, त्याची एकेक प्रत रजिस्ट्री ऑफिसला, तहसीलला, तलाठ्याला आणि बँकेला दिली, पोच घेतली, आणि अकोला आवृत्ती निघणाऱ्या दोन मराठी दैनिकांत जाहीर नोटीस दिली. नोटिशीत गट नंबर आणि चतुःसीमा पूर्ण लिहा. नुसतं "माझी मिळकत" लिहिलेली नोटीस कोणी वाचत नाही.

त्या नोटिशीचा उपयोग झाला. एका ले-आऊटवाल्यानं तोवर भावाला इसार दिला होता, तो स्वतःच फोन करून आला. सभ्य माणूस, निदान घाबरलेला तरी. त्याच्याकडून कळलं की पुढं प्लॉट साठेखत आणि मुखत्यारपत्रावर विकायचा बेत होता. अशा कागदांनी मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सूरज लँप प्रकरणात ११ ऑक्टोबर २०११ ला सांगून टाकलंय. तरी गावोगाव हे चालूच आहे. त्याच निकालात हेही म्हटलंय की घरच्या माणसाला काम पाहण्यासाठी दिलेलं खरं मुखत्यारपत्र वैध असतं. भावाचे वकील तो परिच्छेद वाचून दाखवतात. "खरं" या शब्दावर आमच्या वकीलबाई थांबतात.

आणि ज्यांना वाटतं की दावाही एखाद्या मुखत्यारामार्फत लढवू, आपण इकडं निवांत, त्यांनी जानकी भोजवानी निकाल पाहावा. तुम्हाला स्वतःला जे माहीत आहे त्याबद्दल मुखत्यार तुमच्या जागी साक्ष देऊ शकत नाही. कागद दाखल करणं, तारखेला हजर राहणं, एवढं तो करील. मला काय सांगितलं गेलं, मी काय विचारलं, हे मलाच सांगावं लागेल. व्हिडिओवरून साक्ष घ्यावी म्हणून अर्ज करता येतो, मीही करणार आहे. उलटतपासणीत मला "आपण भावास शर्ट पाठवला होता काय" असं विचारतील अशी माझी खात्री आहे, आणि मी "होय" म्हणणार आहे.

बाकी नेहमीचं: सगळ्या मूळ कागदांच्या स्कॅन प्रती ठेवा, भारतातला एक मोबाइल नंबर चालू ठेवा कारण सरकारी संकेतस्थळं तोच मागतात, महिन्यातून एकदा सातबारा उघडून पाहा. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. "आपली चावडी"वर गावातल्या चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात, तिथं गट नंबर पाहायला पैसेही लागत नाहीत. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर पंधरा दिवसांच्या मुदतीत हरकत घेता आली असती. सांगणारे सगळे माझ्या भावाच्याच ओट्यावर बसत होते.

सध्या कोर्टानं परिस्थिती जैसे थे ठेवायला सांगितली आहे. ले-आऊटवाला इसार परत मागतोय. मागच्या आठवड्यात एका दूरच्या काकांनी फोन केला: भाऊ दीड एकर द्यायला तयार आहे, पण नाल्याच्या अंगाचा, रस्ता नसलेला तुकडा, आणि दावा आधी मागं घ्यायचा. मी काकाजींना म्हटलं, नकाशावर तुकडा दाखवून, त्याच्या सहीनिशी, माझ्या वकिलांकडं लेखी पाठवायला सांगा, आणि सही मुखत्यारामार्फत चालणार नाही, त्यानं स्वतः करावी. अजून काही आलेलं नाही.